केळ्याचा ब्रेड मधोमध कच्चा राहायचा

वरून छान तपकिरी, सुरी घातली की आत चिकट गोळा. तीनदा असंच झालं. आधी ओव्हनवर राग काढला. खरा घोळ केळ्यांचा होता. ‘तीन केळी’ म्हणजे नेमकी किती? आमच्याकडे येणारी जळगावची केळी चांगली दांडगी. आता सोलून वजन करते: दीड कप मैद्याला ३०० ग्रॅम गर, बास. शिवाय मैदा घातल्यावर मी बीटर फिरवायचे, त्याने ब्रेड रबरासारखा व्हायचा. आता स्पॅट्युलाने दहा-बारा वेळा हलवते, पिठाची एखादी रेघ दिसली तरी थांबते. १७० अंश सेल्सिअसला ५५ मिनिटं; चाळिसाव्या मिनिटाला वर सैलसर फॉइल. परवाचा अगदी मधोमध शिजलेला निघाला. सासूबाईंनी मात्र विचारलंच, “वेलची नाही का गं घातलीस?”