व्यापारी संकुलासमोर काँक्रीटचा फूटपाथ आणि कर्ब कसा करावा

दुकानांच्या रांगेसमोर किंवा व्यापारी संकुलाच्या दर्शनी बाजूला फूटपाथ करायचा ठरला की मालक पहिला प्रश्न दराचा विचारतात आणि ठेकेदार दुसऱ्याच दिवशी खणायला माणसे पाठवतो. माझा आग्रह असा आहे की कुदळ मारण्यापूर्वी तीन पातळ्या मोजून कागदावर लिहाव्यात. पहिली रस्त्याच्या कडेची, म्हणजे जिथून पावसाचे पाणी वाहते त्या पन्हाळीची. दुसरी कर्बच्या, म्हणजे फूटपाथच्या रस्त्याकडील उभ्या कडेच्या, माथ्याची. आणि तिसरी दुकानांच्या उंबऱ्याची. फूटपाथवर डबकी साचणे, दुकानात पाणी शिरणे, चाकाची खुर्ची अडणे, पायरीवर ठेच लागणे या तक्रारी मी जेव्हा जेव्हा तपासल्या, तेव्हा बहुतेक वेळा या तीन पातळ्यांचा मेळ सुरुवातीलाच चुकलेला आढळला, आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर तो मेळ साधण्याचा स्वस्त मार्ग उरत नाही.

समजा, संकुलाची दर्शनी लांबी ३० मीटर आहे आणि फूटपाथ २.५ मीटर रुंद करायचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३) व्यापारी भागासाठी चालण्याची मोकळी रुंदी २.५ मीटर धरली आहे आणि कर्बची उंची १५० मि.मी.पेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. पन्हाळीची पातळी शून्य मानली तर कर्बचा माथा १५० वर येतो. फूटपाथला रस्त्याकडे ५० मि.मी.ला १ मि.मी. असा उतार दिला, तर २.५ मीटरमध्ये ५० मि.मी.ची चढण होते, म्हणजे इमारतीकडची कड २०० वर येते. दुकानाचा उंबरा याच्याही वर असला पाहिजे. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजल्यावर उंबरा २३० किंवा २५० निघाला तर काम सरळ आहे. तो १६० निघाला, तर उतार दुकानाकडे वळवण्याचा मोह टाळावा. कर्बची उंची १०० मि.मी.वर आणावी किंवा दुकानांच्या कडेने लोखंडी जाळीची अरुंद पन्हाळ काढून ती पावसाळी गटाराला जोडावी.

जुन्या रस्त्यांवर उंबरा खाली गेलेला दिसतो, त्याचे कारण बहुधा डांबर असते. जुना थर न खरवडता नवा थर चढवला की रस्ता दर वेळी ४० मि.मी. किंवा त्याहून अधिक उंच होतो. असे दोन थर चढले की १५० मि.मी.चा कर्ब ७० मि.मी. उरतो, गाड्या सहज वर चढू लागतात आणि रस्त्याचे पाणी फूटपाथवर येते. यावर उपाय म्हणून काही जण आधीच २०० किंवा २५० मि.मी. उंच कर्ब लावतात, परंतु मला ते मान्य नाही, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढी पायरी चढता येत नाही आणि तो शेवटी रस्त्यावरूनच चालतो. रस्त्याच्या डांबरीकरणाचे काम नजीक असेल तर आपले काम त्यानंतर धरावे, आणि जुना थर खरवडून मगच नवा टाकावा अशी लेखी विनंती संबंधित विभागाकडे करावी.

जागा कोणाची आहे हेही याच टप्प्यावर तपासावे. हद्दीच्या आतील पट्टा मालकाचा असतो. हद्दीबाहेरचा फूटपाथ महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा असतो आणि तिथे परवानगीशिवाय एक कर्बही हलवता येत नाही. पुण्यासारख्या शहरात हा विषय महापालिकेच्या पथ विभागाकडे जातो. जमिनीखालून वीज, पाणी, गॅस आणि इंटरनेटच्या वाहिन्या गेलेल्या असतात, म्हणून त्यांची माहिती मागवावी आणि तरीही दोन-तीन ठिकाणी हाताने चाचणी खड्डे घ्यावेत, कारण नकाशात दाखवलेली केबल जमिनीत त्याच जागी असेलच असे नाही. मोकळ्या वाहिन्यांचे पाइप आताच टाकून ठेवावेत. फूटपाथ झाल्यावर महिनाभरात जाहिरातीच्या फलकासाठी वीज हवी म्हणून तो फोडलेला मी अनेकदा पाहिला आहे.

आता जमीन. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात बऱ्याच ठिकाणी काळी माती लागते. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, आणि १०० मि.मी.चे काँक्रीट तिची ही हालचाल पेलू शकत नाही. काळी माती दिसली की ती जमेल तितकी खोल, निदान ३०० मि.मी. तरी, काढून टाकावी आणि चांगल्या मुरमाची भर घालावी. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची कठीण जमीन लागली तर खोदाई कमी होते, मात्र तिथला पाऊस पाहता पाण्याचा निचरा दुप्पट काळजीने पाहावा लागतो. मुरूम एकदम न टाकता १००-१५० मि.मी.च्या थरांत पसरावा, त्यावर बेताचे पाणी शिंपडावे आणि प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबावा; कोपऱ्यांत आणि चेंबरच्या भोवती यंत्र पोहोचत नाही तिथे धुम्मस वापरावी. ओला मुरूम मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा आणि हाताला पाणी सुटू नये, इतका ओलावा पुरेसा असतो. आपल्या ३० मीटरच्या उदाहरणात दाबून १५० मि.मी. थर हवा असेल तर सव्वाअकरा घनमीटर भरते. सैल मुरूम त्याहून बराच जास्त मागवावा लागतो.

कर्ब नेहमी फूटपाथच्या काँक्रीटआधी बसवावा, कारण कर्बचा माथा हीच पुढे फळी फिरवण्याची एक कड होते. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून लाइनदोरी ताणावी आणि वळणावर खुंट्या जवळजवळ घ्याव्यात. ४५० मि.मी. लांब, ३०० मि.मी. उंच आणि १५० मि.मी. जाड असा तयार कर्ब सुमारे ४९ किलो भरतो. तो दोघांनी उचलावा. निम्मा कर्ब जमिनीत आणि निम्मा वर राहावा. खाली किमान १०० मि.मी. जाडीचा एम१५ (ताकदीची एक प्रत) काँक्रीटचा बेड ओला असतानाच त्यावर कर्ब ठेवून रबरी हातोड्याने दोरीला आणावा, आणि सांधे १:३ सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरावेत.

खरी ताकद मात्र कर्बच्या पाठीला असते. पाठीमागे काँक्रीटचा तिरपा आधार द्यावा लागतो आणि तो निदान कर्बच्या गाडलेल्या भागाच्या निम्म्या उंचीपर्यंत यावा. हा आधार मी एकदा दिला नव्हता. दिवाळीच्या आत दुकाने उघडायची घाई होती, म्हणून पाठीला मुरूमच दाबून घेतला आणि काँक्रीट नंतर करू असे ठरवले. आठवड्याभरात मालाचा एक टेम्पो मागे घेताना त्याचे मागचे चाक कर्बला टेकले, फार जोरात नव्हे, आणि अकरा कर्ब दाढ हलावी तसे एकामागोमाग आत कलले. ते काढून पुन्हा बसवताना लक्षात आले की बेड जागच्या जागी होता. पाठीला काहीच नव्हते. त्यानंतर पाठीचा आधार पूर्ण झाल्याशिवाय मी मातीकाम पुढे जाऊ दिलेले नाही.

वाहनांच्या प्रवेशद्वाराशी आणि रस्ता ओलांडण्याच्या जागी कर्ब खाली उतरवावा लागतो. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे १५० मि.मी. उंचीसाठी १.८ मीटर लांबी आताच राखून ठेवावी. रॅम्पच्या पायथ्याशी कर्ब रस्त्याला समतल हवा, तिथे अर्ध्या इंचाचा उंचवटाही खुर्चीचे पुढचे लहान चाक अडवतो. दृष्टिहीनांसाठी ३०० मि.मी.च्या स्पर्शफरशांमध्ये लांब रेघांची फरशी चालण्याची दिशा दाखवते आणि गोल ठिपक्यांची फरशी थांबण्याचा इशारा देते. ही दोन चिन्हे अदलाबदल करून बसवलेली दिसली, तर ती गोष्ट सजावटीतील चूक समजू नये. त्या खुणेवर विश्वास ठेवून माणूस थेट गाड्यांसमोर जाऊ शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाल्यापासून सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी सुगम्यता ही कायद्याची बाब आहे.

काँक्रीटची जाडी फक्त पायी चालण्यासाठी १०० मि.मी. पुरते, जिथून गाड्या आत जातात तिथे १५० मि.मी. आणि मध्ये सळईची जाळी द्यावी. जाळी खाली मुरमावर पडून राहिली तर तिचा उपयोग नाही, म्हणून तिच्याखाली कव्हर ब्लॉक ठेवावेत. १०० मि.मी. जाडीने ३० × २.५ मीटरला साडेसात घनमीटर माल लागतो. जागेवर मिक्सरमध्ये एम२० चे १:१.५:३ प्रमाण घेतले तर घनमीटरला सुमारे आठ, म्हणजे एकूण साठ गोणी सिमेंट लागते. आयएस ४५६ (काँक्रीटचे भारतीय मानक) नुसार या प्रमाणात ५० किलोच्या एका गोणीला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि हा आकडा मुकादमाला लेखी द्यावा. पाणी बादलीने मोजून घालावे. माल ओढायला सोपा जावा म्हणून नळी सोडली की ताकद तिथेच गेली. तयार काँक्रीटची गाडी मागवली तर गाडी भरल्यापासून दोन तासांच्या आत ती रिकामी व्हायला हवी. शहरातील वाहतूक पाहून वेळ ठरवावी. कच (बारीक भुकटी) जास्त असलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, पाणी पिते, म्हणून धुतलेली मागावी.

काँक्रीट टाकण्याआधी मुरूम ओला करावा, पण त्यावर पाणी तुंबलेले नसावे. इमारतीची भिंत, खांब आणि चेंबर यांना काँक्रीट थेट चिकटू न देता मध्ये १२ मि.मी. फिलर बोर्ड उभा करावा. माल पसरून फळीने ओढला की पृष्ठभागावर पाण्याची चकाकी येते. याच घटकेला उत्तम गवंडीही चुकतो. ती चकाकी जाईपर्यंत रंधा फिरवू नये, आणि लवकर सुकावे म्हणून वर कोरडे सिमेंट तर मुळीच भुरभुरू नये. सिमेंट टाकले की ते पाणी शोषते, पृष्ठभाग लगेच गुळगुळीत आणि देखणा दिसतो, आणि दोन पावसाळ्यांत त्याचे नखाएवढे पापुद्रे सुटू लागतात. उभे राहिल्यावर बुटाचा ठसा चार-पाच मि.मी. उमटेल इतका माल आवळला की लाकडी रंधा मारावा. शेवटी ओला खराटा झटकून, फूटपाथच्या आडव्या दिशेने एकाच ओढीत रेघा काढाव्यात. स्टीलच्या थापीने घोटलेला फूटपाथ पावसात घसरडा होतो; दुकानदार चकचकीत हवा म्हणून कितीही म्हणाला तरी ही गोष्ट ऐकू नये.

काँक्रीट आकसते आणि ते तडकणारच. तडा कुठे जावा एवढेच आपल्या हाती असते. म्हणून सांधे, म्हणजे तड्याला वाट देणाऱ्या खाचा, जाडीच्या एकचतुर्थांश खोल, म्हणजे १०० मि.मी.ला २५ मि.मी., द्यावेत. २.५ मीटर रुंद पट्ट्यात आडवे सांधे २.५ मीटरवर घेतले की चौकोनी तुकडे पडतात. लांबट तुकडे मध्येच तडकतात. कर्बच्या तयार ठोकळ्यांचे सांधे आणि हे सांधे जमेल तिथे एका रेषेत आणावेत. चेंबरच्या झाकणाच्या कोपऱ्यातून तडा हमखास निघतो, त्यामुळे सांधा त्या कोपऱ्यातूनच न्यावा. कटरने कापायचे असेल तर कडा तुटणार नाहीत इतके काँक्रीट घट्ट होताच कापावे. एप्रिल-मेच्या उन्हात ही वेळ त्याच दिवशी संध्याकाळी येते आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबल्यास तडा आपल्याआधी आपली जागा निवडून बसलेला असतो. त्याच दिवसांत दुपारचा वारा ओल्या पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पाडतो, म्हणून काम पहाटे सुरू करावे किंवा उन्हे उतरल्यावर घ्यावे आणि पृष्ठभाग प्लॅस्टिकने झाकावा.

पाणी मारण्याची मुदत आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस आहे. बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे मिश्र, सिमेंट मिळते, त्यामुळे मी १० दिवसांखाली येत नाही. दिवसातून दोनदा नळीने शिंपडणे पुरेसे नाही, कारण मधल्या काळात पृष्ठभाग वाळतो. ओले गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवावे. उताराच्या फूटपाथवर आळी करून पाणी साठवता येत नाही, तिथे गोणपाटच उपयोगी पडते. दुकानदारांना ये-जा हवी असते, त्यासाठी दोन दिवसांनी फळ्या टाकून वाट द्यावी. प्रवेशद्वाराच्या भागावर २८ दिवस गाडी येऊ देऊ नये. तोवर वाहनांना दुसरा मार्ग ठेवण्याची व्यवस्था कामाआधीच करावी लागते.

शेवटी सांध्यांतील धूळ ब्रशने काढून ते पूर्ण कोरडे झाल्यावर सीलंट भरावे. मग नळी इमारतीकडच्या कडेला धरून पाणी सोडावे आणि वीस मिनिटांनी पुन्हा यावे. जिथे पाणी साचलेले दिसेल तिथे खडूने गोल काढावा, त्याची खोली नाण्याने तपासावी, आणि ठेकेदाराचे अंतिम बिल देण्यापूर्वी तो तुकडा सांध्यापासून सांध्यापर्यंत कापून नव्याने करून घ्यावा; वरून मसाल्याचा पातळ थर लिंपून दिलेला उतार पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.