चीन-जपानच्या किनाऱ्यावर बॅरोमीटर वाचताना या चुका टाळा

सिंगापूरहून वर हाँगकाँग, शांघाय, बुसान, योकोहामा अशा फेऱ्या मी जहाजावर अधिकारी म्हणून बरीच वर्षं केल्या. दर खेपेला नवे कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, येतात आणि हवामानाच्या, हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरच्या बाबतीत त्याच त्या चुका करतात. त्यातले बरेच रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे असतात, म्हणून हे मराठीतच लिहितोय.

पहिली चूक घरूनच येते. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की होड्या पाण्यात उतरतात, आणि दिवाळीनंतर समुद्र निवलेला असतो. हे गणित अरबी समुद्राचं आहे. चीन-जपानकडे नारळी पौर्णिमा म्हणजे ऐन टायफूनचे, तिकडच्या चक्रीवादळांचे दिवस. आणि दिवाळीच्या सुमारास तैवानच्या सामुद्रधुनीत ईशान्येचा वारा सुरू होतो, तो मार्चपर्यंत पाठ सोडत नाही. थंडीत सैबेरिया-मंगोलियाची जमीन गोठते, तिच्यावरची हवा जड होते आणि तिथला दाब १०४० हेक्टोपास्कलच्याही (हे दाबाचं माप) वर जातो. तिकडे उत्तर पॅसिफिकमधल्या अल्युशियन बेटांजवळ दाब कमी. या दोहोंच्या मधे अख्खा किनारा येतो. म्हणून जपानला वायव्येचा, पिवळ्या समुद्रात उत्तरेचा आणि तैवानच्या खाली ईशान्येचा वारा लागतो. उन्हाळ्यात दाब उलटा होतो, वारा दक्षिणेकडून येतो, पण टायफून सोडले तर त्याला हिवाळ्यासारखा जोर नसतो. आपल्याकडे जोर पावसाळ्याच्या वाऱ्याला, तिकडे थंडीच्या. हे डोक्यात बसेपर्यंत बाकी काही शिकू नका.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त छळते: ‘बॅरोमीटर चढतोय, म्हणजे हवा सुधारली.’

डिसेंबर होता. मी सेकंड ऑफिसर, जहाज तैवानच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला चाललेलं. दुपारी वारा जवळजवळ पडलेला, हवा कोंदट. चार वाजता बॅरोमीटरवर १०१४. आठला कॅडेट खुशीत सांगत आला, “सर, १०१९ झाला. आता मस्त हवा मिळणार.” मी ‘बरं’ म्हणालो आणि झोपायला गेलो. ते ‘बरं’ मला अजून टोचतं. पुढच्या डेकवर रंगाचे ड्रम एका दोरीवर बांधलेले होते, मूरिंगचे, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचे, दोर नुसते गुंडाळून ठेवलेले. रात्री बाराला वॉचवर, चार तासांच्या पाळीवर, आलो तेव्हा ईशान्येचा वारा फोर्स आठला, म्हणजे वादळी जोराला पोचला होता. पुढून हिरवं पाणी, म्हणजे अख्खी लाट, डेकवर येत होती, वेग तेरा नॉटचा पाचावर आलेला. ड्रम सुटून लोखंडावर आपटत होते, तो आवाज ब्रिजपर्यंत, जहाज चालवायच्या खोलीपर्यंत, येत होता. कॅप्टनला उठवलं, जहाज वळवून वारा मागे घेतला, मगच सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, दोन माणसं घेऊन पुढे गेला. एकाचा हात ड्रम आणि रेलिंगच्या मधे सापडता सापडता वाचला. मूरिंगचा एक दोर कधीच समुद्रात गेला होता. सकाळी आकाश निळंभोर, ढगाचा ठिपका नाही, दाब १०२६, आणि खाली सगळा समुद्र पांढरा.

सैबेरियाची थंड हवा खाली घसरते तेव्हा दाब चढतच येतो. वारा दाबाच्या आकड्यावर नाही, शेजारच्या दाबाशी असलेल्या फरकावर ठरतो. त्या संध्याकाळी शांघायचा आणि हाँगकाँगचा दाब शेजारी शेजारी मांडला असता, तर सगळं दिसलं असतं. आता ऑक्टोबर ते मार्च मी हे दोन आकडे दर वॉचला लिहितो. फरक वाढू लागला की आधी लॅशिंग, म्हणजे डेकवरचं सामान घट्ट बांधणं, मग जेवण.

तिसरी चूक याच्या उलट: जुलैत हाँगकाँगला १००५ दिसला की घाबरायचं. अरे, जुलैत तिथली सरासरीच तेवढी आहे! जानेवारीत ती १०२० च्या आसपास असते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक बंदराची महिन्यागणिक सरासरी आहे. ती छापील कोष्टकातून हाताने उतरवून काढा. फोटो काढून ठेवलात तर कधी बघणार नाही.

दाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास थोडा वर असतो, पहाटे चारला आणि दुपारी चारला खाली. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. म्हणून आजचं आठ वाजताचं वाचन कालच्या आठच्या वाचनाशी ताडून पाहा. त्या रात्रीचे चार तासांत पाच या रोजच्या चढउतारात बसतच नव्हते.

ब्रिज पाण्यापासून पंचवीस मीटर उंच असेल तर समुद्रपातळीचा दाब काढायला वाचलेल्या आकड्यात तीन हेक्टोपास्कल मिळवा.

ईशान्येचा वारा म्हणजे ईशान्येकडून येणारा. हे अजूनही सांगावं लागतं.

टायफूनमधल्या वाऱ्याचा वेग जपानी बुलेटिनमध्ये दहा मिनिटांच्या सरासरीने देतात, अमेरिकी बुलेटिनमध्ये एका मिनिटाच्या. दोन्ही आकडे एका रांगेत लिहू नका.

आणि मोबाइलच्या हवामान नकाशावरचे वाऱ्याचे रंगीत बाण. नवी मुलं तेवढेच बघतात, कारण तिथे थांबावं लागत नाही. मीही बघतो, पण वहीत चार-चार तासांनी एक अशी चार वाचनं झाल्यावर. बारा तास लागतात त्याला, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याच्या हाती मी डिसेंबरात वॉच देत नाही.