लॅचिंग रिलेचा ड्रायव्हर: सोल्डरिंगला बसण्यापूर्वीची तयारी
विहिरीवरच्या पंपासाठी गेल्या वर्षी मी एक टायमर तयार केला. पंप तासन्‌तास चालतो आणि तेवढा वेळ कॉइल विनाकारण तापू नये, म्हणून त्यात लॅचिंग रिले घातला, म्हणजे एका छोट्या पल्सने चालू किंवा बंद होऊन पुढे विजेशिवाय त्याच स्थितीत राहणारा रिले. पंप चालू असताना संध्याकाळी वीज गेली आणि मध्यरात्री परतली, तेव्हा टायमरच्या लेखी पंप बंद होता, रिलेच्या लेखी मात्र चालूच होता. सकाळी विहिरीचा तळ दिसत होता आणि कोरड्या फिरलेल्या पंपाचे सील जळाले होते.

रिले निवडताना शक्यतो दोन कॉइलचा घ्यावा, कारण त्याला दोन ट्रान्झिस्टर पुरतात. एका कॉइलच्या रिलेला प्रवाहाची दिशा उलटवण्यासाठी एच-ब्रिज, म्हणजे चार ट्रान्झिस्टरची जोडणी लागते. कॉइल बंद होताना उसळणारे व्होल्टेज गिळणाऱ्या, कॉइलवरच्या डायोडबद्दल सांगण्याची गरज नसावी. यूएलएन2003 ही तयार ड्रायव्हर चिप वापरण्याचा मोह 5 व्होल्टच्या कॉइलसाठी आवरावा, कारण ती चिप स्वतःच सुमारे 1 व्होल्ट खाते आणि उरलेल्या 4 व्होल्टवर, विशेषतः कॉइल गरम असताना, रिले उचलेलच असे नाही. डेटाशीटमधला ऑपरेट टाइम (रिलेला स्थिती बदलायला लागणारा वेळ) 10 मिलिसेकंद असेल तर पल्स 50 मिलिसेकंदांची द्यावी. सेट (चालू करणारी) आणि रिसेट (बंद करणारी) या दोन्ही कॉइलना एकाच वेळी वीज मिळता कामा नये. मायक्रोकंट्रोलर जागा होईपर्यंत त्याच्या पिना अधांतरी असतात, म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टरच्या इनपुटला 10 किलोओहमचे पुल-डाउन (इनपुट शून्यावर ओढून ठेवणारे रेझिस्टर) लावावेत.

आता मी विसरलो ती गोष्ट: वीज गेल्यावर लॅचिंग रिले सुटत नाही. साधा रिले सुटतो, आणि हाताने चालू करायच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टरही (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) सुटतो; त्याची कॉइल त्याच्याच होल्डिंग कॉन्टॅक्टमधून चालू राहत असल्याने तो पुन्हा बटण दाबेपर्यंत लागत नाही. स्टार्टरच्या बटणाला समांतर लॅचिंग रिले जोडला, की ते संरक्षण आपण आपल्याच हाताने काढून टाकतो. म्हणून वीज जाताना रिसेटची पल्स देण्याइतकी ऊर्जा सर्किटमध्ये साठवलेली असलीच पाहिजे. माझा रिले 12 व्होल्टचा, 360 ओहमच्या कॉइलचा, म्हणजे सुमारे 33 मिलिअँपियर घेणारा आहे. 50 मिलिसेकंदांत कपॅसिटर 2.4 व्होल्टपेक्षा जास्त उतरू नये असे धरले तर साधारण 700 मायक्रोफॅराड लागतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुना होत जातो, त्यामुळे मी 2200 घातला. हा कपॅसिटर स्वतंत्र डायोडमागे ठेवावा, नाहीतर बाकीचे सर्किट तो आधीच रिकामा करते. कंट्रोलरलाही तेवढा वेळ जिवंत ठेवायचे आहे, हे हिशेबात धरावे. वीज गेल्याची खबर रेग्युलेटरच्या आउटपुटवरून नव्हे, तर थेट मेन्सवरच्या ऑप्टोकपलरकडून (प्रकाशाने संकेत पोचवून दोन सर्किटे विजेने वेगळी ठेवणारा भाग) घ्यावी. रेग्युलेटरला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

कपॅसिटर भरल्याशिवाय सेटची पल्स देऊ नये. रिसेट करण्याची ताकद हाताशी नसताना रिले सेट करणे म्हणजे माझ्याच चुकीची दुसरी आवृत्ती होय.

कंट्रोलर सुरू होताना रिले कोणत्या स्थितीत आहे याचा विचार न करता आधी रिसेटची पल्स द्यावी. नवा रिलेसुद्धा वाहतुकीतल्या धक्क्याने सेट होऊन आलेला असू शकतो. मात्र एवढ्यावर भागते असे समजू नये: कंट्रोलर जागा होईपर्यंत पंपाला झटका बसतो, आणि कंट्रोलरच बिघडला असेल तर रिसेट देणारे कोणी उरत नाही. म्हणून वीज जाताना एकदा आणि येताना एकदा, दोन्ही वेळा रिसेट हवाच.

रिलेने मोटर थेट चालवू नये, कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी. पंपाच्या बाजूला दुसरा ऑप्टोकपलर लावून पंप खरोखर बंद झाला का ते तपासावे. रिले ट्रान्सफॉर्मरपासून लांब बसवावा. पंप जोडण्यापूर्वी, रिले सेट असताना आणि पल्स चालू असतानाही, प्लग किमान 50 वेळा उपसून पाहावा.