मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची मदतपाने लिहिणार असाल, तर निदान या चुका टाळा

मुक्तस्रोत प्रकल्पात नवा माणूस आला की त्याच्या हाती बहुधा मदतपान लिहिण्याचे काम दिले जाते, कारण ते सोपे असते असा सर्वत्र समज आहे. कोडची एक ओळ बदलायची तर दोन अनुभवी माणसे ती तपासतात, पण मदतपान जसे आले तसे चढते आणि पुढची काही वर्षे कोणाच्या नजरेस न पडता तसेच राहते. नजरेस पडते ते फक्त अडलेल्या माणसाच्या. लिब्रेऑफिस (कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर), उबुंटू (लिनक्सवर आधारलेली संचालन प्रणाली), गिंप (चित्रसंपादक) यांविषयी मराठीत लिहिण्यात आणि त्याहून अधिक म्हणजे इतरांनी लिहिलेले दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या काळात नव्या चुका फारशा पाहायला मिळाल्या नाहीत, त्याच त्या पुन्हा पुन्हा भेटत राहिल्या. त्यांतली पहिली चूक मी स्वतः केलेली आहे.

स्वतःच्या संगणकाकडे पाहून लिहिणे

उबुंटूवर फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबण्याच्या) पद्धतीने मराठी टंकलेखन कसे सुरू करावे, याविषयी मी एक पान लिहिले होते. आयबस या टंकलेखन-व्यवस्थेचे एम१७एन हे पॅकेज बसवा, सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, इनपुट सोर्सेसमध्ये अधिकच्या चिन्हावर टिचकी मारा, मराठी शोधा, पद्धत निवडा आणि मग सुपर व स्पेस या दोन कळांनी इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल करा, असा त्याचा क्रम होता. पान नेटके होते, चित्रे होती, दोघातिघांनी कौतुकही केले होते. त्याच भरवशावर मी एका तालुक्याच्या गावातील वाचनालयात कार्यशाळा घेण्याचे मान्य केले. तेथे बारा संगणक होते, आदल्या रात्रीच त्यांवर उबुंटू नव्याने चढवले होते, आणि समोर निवृत्त शिक्षक, वाचनालयाचे लेखनिक व दोन महाविद्यालयीन मुले बसली होती. मी पानाच्या छापील प्रती वाटल्या आणि निश्चिंत झालो.

पाचव्या पायरीवर बाराच्या बारा संगणक अडले. पॅकेज बसले होते, सेटिंग्ज उघडली होती, मराठीही सापडत होती, पण तिच्याखाली केवळ इनस्क्रिप्ट ही दुसरी कळपद्धत दिसत होती. फोनेटिकचा पत्ता नव्हता. मी आधी इंटरनेटला दोष दिला, मग पॅकेज काढून पुन्हा बसवायला लावले, मग आपल्याला सर्व माहीत असल्याच्या आविर्भावात टर्मिनल उघडून काहीबाही आज्ञा दिल्या. पाऊण तास असा गेला. शेवटी त्या दोन मुलांपैकी एकाने कंटाळून संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि त्याच्या यादीत फोनेटिक अवतरले. पॅकेज बसवल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे लागते, किंवा निदान आयबस तरी पुन्हा सुरू करावे लागते, त्याशिवाय नव्या पद्धती यादीत येत नाहीत, ही एवढीशी पायरी माझ्या पानात नव्हती. पहिल्या रांगेतील एका निवृत्त बाईंनी अत्यंत सौम्यपणे विचारले, "सर, हे तुम्ही करून पाहिलं होतं ना?" मी हो म्हणालो, आणि ते खोटेही नव्हते. मी ते करून पाहिले होते, पण तीन वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर तो संगणक शेकडो वेळा बंद-चालू झाला होता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) कोरे उबुंटू बसवून त्याची प्रत राखून ठेवायची, आणि पान लिहून झाले की त्या कोऱ्या प्रतीवर, छापील ओळीवर बोट ठेवून, जेवढे लिहिले आहे तेवढेच करायचे. जे लिहिलेले नाही ते हाताने आपोआप केले गेले, तर थांबून ते आधी पानात लिहायचे. आपल्याच संगणकावर नवे खाते उघडून ही चाचणी उरकण्याची पळवाट अनेक जण काढतात. ती अपुरी आहे, कारण नव्या खात्यात आपल्या सेटिंग्ज नसल्या तरी आपण बसवलेली पॅकेजे, टंक (फॉन्ट) आणि मागचे सगळे उपद्व्याप संपूर्ण संगणकाला लागू असतात आणि तेथेही हजर राहतात. व्हर्च्युअल मशीनला वेळ लागतो, अशी तक्रार नवे स्वयंसेवक करतात. ती खरी आहे, परंतु ज्याला अर्ध्या तासाची सवड नाही, त्याने दुसऱ्याचा पाऊण तास घालवणारे पान लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहूनही उपयोगी, पण जिवावर येणारी दुसरी चाचणी म्हणजे पान एखाद्या व्यक्तीच्या हाती देऊन तिच्या मागे गप्प बसणे. माझी मावसबहीण हिशेबनीस आहे आणि तिला लिनक्सविषयी शून्य आस्था आहे, त्यामुळे या कामाला तिच्याइतके योग्य कोणी नाही. ती वाचत असताना मी हात मांडीखाली दाबून बसतो, कारण नाही तर ते माउसकडे जातात. ती ज्या ओळीवर दोनदा डोळे फिरवते ती ओळ चुकलेली असते, मग ती व्याकरणदृष्ट्या कितीही शुद्ध असो.

मेनूंची नावे मनाने लिहिणे

ही माझी दुसरी आवडती चूक. आवडती म्हणजे सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेली. लिब्रेऑफिसचे भाषांतर वेबलेट या प्रणालीवर चालते आणि तेथे पडद्यावरचा मजकूर व मदतीचा मजकूर हे दोन वेगळे प्रकल्प आहेत. भाषांतर करणारे अनेकदा वेगळे असतात, त्यांची वर्षेही वेगळी असतात. परिणामी मेनूमध्ये ज्याला 'साचा' म्हटले आहे, त्यालाच मदतीच्या एका पानावर 'नमुना' आणि दुसऱ्यावर 'टेम्प्लेट' म्हटलेले असू शकते. शब्दांचे तिन्ही पर्याय चांगले आहेत, त्यांवर वाद घालायला मलाही आवडेल, पण पडद्यावर 'नमुना' शोधत बसलेल्या माणसाला भाषाशुद्धीत रस नसतो. मदतपानात मेनूचे नाव तेच असले पाहिजे जे पडद्यावर आहे, त्याच वळणाने आणि त्याच ऱ्हस्वदीर्घासह, मग ते आपल्याला कितीही खटको. ते चुकीचे वाटत असेल तर आधी पडद्यावरचा शब्द बदलून घ्यावा आणि मग मदतीला हात लावावा. उलट क्रमाने नव्हे.

मराठीत आणखी एक गुंता आहे, तो म्हणजे मराठी वाचणारे कितीतरी लोक सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतच वापरतात. त्यांना 'साधने' लिहून दिले तर ते अडतात आणि मराठी पडदा वापरणाऱ्यांना 'टूल्स' लिहून दिले तर ते. मी स्वतंत्रपणे लिहिलेल्या पानांत दोन्ही नावे देतो, इंग्रजी नाव रोमन लिपीत आणि ठळक, मराठी नाव त्यापुढे. वाक्य जरा जड होते, ते मी चालवून घेतो. शिवाय नाव बरोबर असूनही जागा चुकू शकते: विंडोज आणि लिनक्सवर लिब्रेऑफिसचे ऑप्शन्स टूल्सच्या मेनूत असतात, तर मॅकवर ते लिब्रेऑफिस या नावाच्या मेनूत प्रेफरन्सेस म्हणून सापडतात. अधिकृत मदतीच्या मजकुरात असा फरक नोंदवण्याची सोय आधीपासून आहे. ती वापरली जात नाही, इतकेच.

अडचण सोडून चौकटींचे वर्णन करणे

"येथे सीटीएल टंक निवडा." हे वाक्य खरे आहे आणि निरुपयोगी आहे. लिब्रेऑफिस रायटरमध्ये मराठी लिहिणारा माणूस परिच्छेदाच्या शैलीत जाऊन टंक बदलतो, आकार बारावरून चौदा करतो, आणि त्याची देवनागरी अक्षरे जागची हलत नाहीत. कारण असे की हे सॉफ्टवेअर रोमन अक्षरांसाठी एक टंक ठेवते आणि देवनागरी, अरबी, थाई अशा गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिप्यांसाठी दुसरा. या दुसऱ्या गटाला सीटीएल म्हणतात, आणि आपण वरच्या चौकटीत बदल करून खालची तशीच सोडलेली असते. या माणसाला सीटीएल हा शब्दच ठाऊक नाही, त्यामुळे तो त्या नावाचे पान कधीही उघडणार नाही. पानाचे शीर्षक "टंक बदलला तरी मराठी अक्षरे बदलत नाहीत" असे, म्हणजे त्याच्या तोंडचे असावे. माझ्याकडे एक वही आहे. लोकांनी प्रश्न ज्या शब्दांत विचारला ते शब्द मी तीत जसेच्या तसे उतरवतो, आणि शीर्षके तेथूनच घेतो.

शीर्षक बरोबर असूनही पान सापडत नाही, असे झाल्यास मजकुराचे कूटांकन, म्हणजे अक्षरे संगणकात कोणत्या संकेतांनी साठवली आहेत ते, तपासावे. 'ॲप' या शब्दाचे पहिले अक्षर दोन प्रकारे टंकता येते: एक संपूर्ण स्वतंत्र अक्षर, जे युनिकोड या सर्व लिप्यांच्या संकेतप्रणालीत २००८ साली आले, आणि दुसरे 'अ'वर चंद्र चढवून केलेले. 'दुसऱ्या'मधील अर्ध्या 'र'चेही तसेच आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. मी संपूर्ण मजकुरात एकच रूप ठेवतो आणि दुसरे रूप शोधशब्दांच्या यादीत टाकतो. हे किरकोळ वाटणाऱ्यांनी एकदा आपल्याच पानावर दुसऱ्या कीबोर्डवरून शोध घेऊन पाहावा.

आवृत्ती न सांगणे

गिंपमध्ये २०१२ साली, २.८ या आवृत्तीपासून, 'सेव्ह' म्हटले की फक्त त्याच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात चित्र जतन होते. जेपेग हवे असेल तर 'एक्स्पोर्ट' करावे लागते. "सेव्ह ॲजमध्ये जाऊन जेपेग निवडा" असे सांगणारी जुनी पाने अजूनही लोकांना भेटतात आणि आपलेच काही चुकते आहे असे वाटून ते गिंप काढून टाकतात. "नव्या आवृत्तीत" असे तर कधीही लिहू नये, आकडा लिहावा. लिब्रेऑफिसने ७.६ नंतर २०२४ च्या सुरुवातीला एकदम २४.२ काढली, कारण क्रमांक आता वर्ष आणि महिन्यावरून पडतो. आपण मधल्या सोळा-सतरा आवृत्त्या चुकवल्या, अशा काळजीने एका गृहस्थांनी मला विचारले होते, आणि हे एका ओळीत सांगणारे मराठी पान तेव्हा मला त्यांना दाखवता आले नाही.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

चित्रांवर सगळा भार टाकू नये. मेनू एका चित्राने दाखवला आणि शब्दांत लिहिलाच नाही, तर तो शोधता येत नाही, पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकाला मिळत नाही, आणि पडद्याची रचना बदलली की खोटा ठरतो. उबुंटूने २०१७ मध्ये १७.१० या आवृत्तीत युनिटी ही पडद्याची रचना सोडून नोम ही घेतली, तेव्हा डाव्या पट्टीची चित्रे असलेली पानेच्या पाने एका दिवसात शिळी झाली.

चूक-संदेशाचे भाषांतर करू नये. तो अक्षरशः उतरवावा, कारण लोक तोच शोधतात.

"फक्त", "सोपे आहे", "अर्थातच" हे शब्द खोडावेत.

परवानगी नाकारली गेली की संपूर्ण फोल्डरला सीएचमॉड ७७७ ही आज्ञा द्यायला सांगणाऱ्याला मदतपान लिहू देऊ नये. त्याने तक्रार थांबते, कारण मग सर्वांनाच सर्व काही करता येते.

यंत्राकडून भाषांतर करून घेतले असेल तर ते मोठ्याने वाचावे. "फाइल पळवा" असे वाक्य मी प्रत्यक्ष एका पानावरून काढले आहे.

वाचकाकडे इंटरनेट असेलच, असे धरू नये. लिब्रेऑफिसची स्थानिक मदत वेगळी बसवावी लागते. ती नसेल तर एफ-१ दाबल्यावर ब्राउझर उघडतो, आणि जोडणी नसलेल्या कार्यालयात तो कोरा राहतो. म्हणून स्थापनेच्या पानावरच मदतीचे पॅकेज सोबत उतरवून घ्यायला सांगावे.

सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आहे म्हणून त्याविषयी कोणी लिहिलेला लेखही मुक्त होत नाही; उचलण्यापूर्वी त्याचा परवाना पाहावा.

कारण न लिहिता पायरी लिहिणे

वर सांगितलेल्या टंकलेखनाच्या पानात मी ती लॉगआउटची पायरी त्याच संध्याकाळी घातली. पुढे काही महिन्यांनी एका उत्साही स्वयंसेवकाने ती काढून टाकण्याची दुरुस्ती पाठवली, सोबत "ही पायरी अनावश्यक आहे, माझ्याकडे त्याशिवाय चालते" अशी टीप होती. मी त्यांना एवढेच विचारले की आपण ते पॅकेज कधी बसवले होते. ते दीड वर्षापूर्वी बसवलेले होते. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, कारण पायरी का आहे हे मी कोठेच लिहिले नव्हते. आता प्रत्येक विचित्र वाटणाऱ्या पायरीशेजारी मूळ फाइलमध्ये, वाचकाला न दिसणारी, दोन ओळींची नोंद मी ठेवतो: ही पायरी गाळल्यास काय होते, आणि ते कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या तारखेला पाहिले. त्या पानातील नोंदीत बारा संगणकांचाही उल्लेख आहे.