ट्रेलर जोडण्याआधी, आणि सोडण्याआधीही

आदल्या संध्याकाळी पहिलं काम वजनाचं. गाडी किती ओढू शकते ते तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं आणि ट्रेलरची मर्यादा त्याच्या पाटीवर. दोन्हींत जो आकडा लहान, तो आपला. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. मर्यादा १५०० किलो आणि रिकामा ट्रेलर ३५० किलोचा, तर सामानाला उरतात ११५०. इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. वाळू घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते, ओली असेल तर आणखी जड. ट्रेलर अर्धा रिकामा दिसत असतो आणि वजन केव्हाच हद्दीबाहेर गेलेलं असतं.

मग वजन ठेवायचं कुठे? मागे भार जास्त झाला आणि पुढची बाजू उचलली गेली की गाडी उलाळ झाली म्हणतात. हा बैलगाडीचा शब्द एका एक्सलच्या ट्रेलरला तंतोतंत बसतो. साधारण साठ टक्के सामान एक्सलच्या पुढे, उरलेलं मागे, आणि डावी-उजवी बाजू सारखी. ट्रेलरचा दांडा गाडीच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, किती भार टाकतो, ते मोजून घ्यावं. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार योग्य मानतात, युरोपातल्या गाड्यांना मर्यादा त्याहून कमी असते. त्यामुळे शेवटचा शब्द आपल्या गाडीच्या पाटीचा. हलक्या ट्रेलरसाठी घरातला वजनकाटा पुरतो: सपाट जागी, दांडा जोडल्यावर जितक्या उंचीवर असतो तितक्याच उंचीवर, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर टेकवायचा आणि आकडा वाचायचा.

हे मी आळसापायी शिकलो. काँक्रीट कालवायचं यंत्र न्यायचं होतं. उतरवायला सोपं जाईल म्हणून ते अगदी मागच्या फळीजवळ ठेवलं. साठपर्यंत काही जाणवलं नाही. उतार लागला, काटा सत्तरीवर गेला आणि आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी थोडा जास्त. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि हात स्टिअरिंग उलटं फिरवू पाहतात. दोन्ही टाळायचं. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. मी तेवढंच केलं, बाजूला थांबलो आणि यंत्र दीड-दोन फूट पुढे सरकवलं. पुढे त्याच वेगाने ट्रेलर गुमान मागे आला.

जोडणीत बॉलचं माप आधी. ते बॉलच्या डोक्यावर आणि कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या वाटीवर, कोरलेलं असतं, दोन्ही जुळलंच पाहिजे. बॉल थोडासा लहान असेल तरी कपलर त्यावर बसतो, खटका लागल्यासारखाही वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून निघतो. खटका लावून पिन घातली की एक परीक्षा घ्यायची: दांड्याचा जॅक फिरवून दांडा वर उचलायचा. त्याच्याबरोबर गाडीचा मागचा भाग वर आला तर जोडणी खरी, नुसता दांडा वर आला तर कपलर बॉलवर बसलेलाच नव्हता. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, मी एकदाही चुकवत नाही. जॅक नंतर पूर्ण वर घेऊन ठेवायचा. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे दांडा सुटलाच तर रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतो. वळणावर ताणणार नाहीत इतपत सैल ठेवायच्या, पण जमिनीला घासता कामा नयेत. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर जोडणी तुटल्यावर ते लावणारी बारीक तार गाडीच्या पक्क्या भागाला अडकवायची, साखळीला नाही.

दिवे बघायला दुसरा माणूस मागे उभा करावा. इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचा दिवा मंद होत असेल किंवा भलताच दिवा लुकलुकत असेल, तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगचा गंजलेला जोड घासून बघा. टायरची हवा थंड असताना तपासायची. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा असतो, त्यामुळे त्याचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे टायर बनला २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात. बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदलायचा. चाकाचे नट पान्याने आवळून घ्यायचे, आणि चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा.

आता बांधणी. जोरात ब्रेक लागला की सामान आपल्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच्या जोराने पुढे झेपावू शकतं, असं धरून बांधायचं. बाजूला आणि मागे निम्म्या वजनाइतका जोर धरतात. म्हणून जड वस्तू पुढच्या फळीला किंवा पक्क्या आडव्या लाकडाला टेकलेली असावी, पट्ट्यांचा नंबर त्यानंतर. रॅचेटच्या, म्हणजे खटक्याच्या दांडीने आवळायच्या, पट्ट्यावर दोन आकडे असतात; मोठा तुटण्याचा, लहान वापरायचा, आणि लहान सहसा मोठ्याच्या एक तृतीयांश असतो. आपण लहानच धरायचा. अमेरिकेतल्या मालवाहतुकीच्या नियमानुसार सगळ्या बांधणीची वापरायची क्षमता मिळून सामानाच्या निम्म्या वजनाइतकी तरी लागते. तो किमान आकडा झाला, मी त्याहून जास्तच लावतो. वरून आवळलेला पट्टा जितका उभा, तितका त्याचा दाब जास्त. जमिनीशी ३० अंशांचाच कोन असेल तर खाली दाबणारा जोर निम्मा उरतो. धारेवरून जाणाऱ्या पट्ट्याखाली जाड रबर किंवा जुन्या होजपाइपचा तुकडा घालायचा. तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारायची नाही, तो फेकून द्यायचा. रॅचेटच्या दांडीवर दोन-तीन वेढे तरी हवेत. उरलेलं टोक बांधून टाकायचं, नाहीतर ते सुटून चाकात गुंततं. लांब पट्टा वाऱ्याने घुमत असेल तर त्याला एक पीळ द्यायचा, आवाज थांबतो. रबरी हुकांच्या दोऱ्या ताडपत्रीपुरत्याच. आणि ताडपत्री म्हणजे बांधणी नव्हे. आधी सामान बांधायचं, मग झाकायचं.

निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत एकदा थांबायचं. हादऱ्यांनी सामान खाली बसतं आणि घरी तारेसारखे वाजणारे पट्टे तोवर ढिले पडलेले असतात. तेव्हाच चाकाच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू न टेकवता न्यायची; एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बोलतोय. पुढे दर दोन-तीन तासांनी हेच. साठऐवजी ऐंशीने गेलं की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते, म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा बरंच जास्त अंतर. वळताना ट्रेलरची चाकं आतून कापतात, तेव्हा वळण मोठं घ्यायचं. उतारावर गिअर आधीच खालचा. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला तर हात ज्या बाजूला नेऊ, ट्रेलर त्याच बाजूला वळतो. तरीही एखाद्या मोकळ्या मैदानात तासभर सराव केल्याशिवाय भर गर्दीत जाऊ नये.

पोचल्यावर घाई नडते. चाकांना पुढून-मागून ठोकळे लागेपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. सामानही ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच उतरवायचं, आणि सुरुवात मागच्या बाजूने. ट्रेलर सोडून आधी पुढचं सामान काढलं तर मागचं वजन क्षणात भारी पडतं, ट्रेलर उलाळ होतो आणि दांडा सुसाट वर येतो. दांड्याजवळ वाकलेल्या माणसाची हनुवटी तेव्हा नेमकी त्याच्या वाटेत असते.