व्हीपीएन चालू आहे, पण डीएनएस नक्की कुठून जातोय?

व्हीपीएन (आपला डेटा कूटबद्ध बोगद्यातून नेणारी सोय) जोडला, आयपी बदललेला दिसला की आपण निवांत होतो, पण लिनक्सवर बऱ्याचदा साइटचा पत्ता विचारायला (हेच डीएनएसचं काम) मशीन अजूनही वायफाय राउटरकडेच जात असतं, म्हणजे डेटा बोगद्यातून आणि चौकशी उघड्यावर. यालाच डीएनएस लीक म्हणतात.

काहीही बदलायच्या आधी नुसतं बघा. टर्मिनलमध्ये 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मारा (हे सिस्टमडी-रिझॉल्व्हड, म्हणजे साइटचे पत्ते शोधणारी लिनक्सची सेवा, वापरणाऱ्या डिस्ट्रोसाठी, उबुंटू फेडोरा वगैरे). प्रत्येक इंटरफेसखाली (म्हणजे नेटवर्कच्या जोडणीखाली) त्याचा डीएनएस सर्व्हर दिसतो, समजा वायफायखाली १९२.१६८.१.१ आणि टन० (व्हीपीएनचा इंटरफेस) खाली १०.८.०.१, आणि दोन्हीकडे डिफॉल्टरूटच्या आधी अधिकचं चिन्ह असेल (म्हणजे कुठलंही नाव याला विचारायची मुभा) तर घोळ तिथेच आहे. रिझॉल्व्हड दोघांनाही एकदमच विचारतो आणि ज्याचं उत्तर आधी आलं ते घेतो, राउटर जवळ असल्यामुळे बहुतेकदा तोच जिंकतो.

लगेच करायचा उपाय, सुडो लावून दोन ओळी:

रिझॉल्व्हसीटीएल डीएनएस टन० १०.८.०.१
रिझॉल्व्हसीटीएल डोमेन टन० '~.'

खरं काम दुसरी ओळ करते, ते टिल्ड आणि टिंब म्हणजे "सगळी नावं इकडेच पाठव". लोक पहिलीच मारतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही.

व्हीपीएन तुटला की हे पुसलं जातं. कायमचं हवं असेल आणि कनेक्शन नेटवर्कमॅनेजरमधून चालवत असाल तर 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', पुढे कनेक्शनचं नाव, मग 'आयपीव्ही४.डीएनएस-प्रायॉरिटी -५०', तसंच आयपीव्ही६ साठी पण, ते विसरू नका. आकडा उणे असला की त्याच्यापेक्षा मोठ्या आकड्यांची कनेक्शनं डीएनएसपुरती बाजूला पडतात. कनेक्शन बंद करून परत चालू करा. फक्त एक, आता राउटरला माहीत असलेली लोकल नावं, म्हणजे प्रिंटर वगैरे, सापडणार नाहीत, तिथे सरळ आयपी टाका.

वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) वापरत असाल तर त्याच्या फाइलमध्ये इंटरफेस भागात डीएनएसची एक ओळ पुरते, 'रिझॉल्व्हकॉन्फ सापडत नाही' असा एरर आला तर ओपनरिझॉल्व्ह टाकून घ्या.

आणि /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ही डीएनएस सर्व्हर लिहिलेली फाइल हाताने एडिट करू नका हो. ती बहुतेक ठिकाणी नुसती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) असते, आत १२७.०.०.५३ (रिझॉल्व्हडचाच पत्ता) दिसतं, तुम्ही लिहिलेलं थोड्या वेळात उडतं. मी एकदा वैतागून चॅटर प्लस-आय मारून फाइल कुलूपबंदच केली होती, मग दुसऱ्या वायफायवर लॉगिन पेजच उघडेना, अर्धा दिवस त्या वायफायला शिव्या घालत बसलो आणि चूक माझीच.

शेवटी खात्री करा. 'सुडो टीसीपीडम्प -एनआय', वायफाय इंटरफेसचं नाव, 'पोर्ट ५३' असं चालू ठेवा (वायफायवरून जाणारी डीएनएसची चौकशी यात दिसते, ५३ हे तिचं पोर्ट) आणि आज न उघडलेली एखादी साइट उघडा, स्क्रीनवर काही उमटायला नको. पण ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस चालू असेल तर तो सिस्टमला न विचारता ४४३ पोर्टवरून परस्पर विचारतो, इथे दिसणारच नाही. ऑफिसची आतली साइट पिंगला सापडते आणि ब्राउझरला नाही, असं झालं की आधी तेच सेटिंग बघा.