आवडत्या कॉमेडियनचं ऐकून स्टँड-अप कसं शिकावं

तासाभराचा गाजलेला स्पेशल, म्हणजे एकाच कॉमेडियनचा रेकॉर्ड केलेला कार्यक्रम, दहादा पाहून फारसं हाती लागत नाही. तो काटछाट करून बसवलेला असतो आणि समोरचे लोक त्याच माणसासाठी तिकीट काढून आलेले असतात. त्याने नुसता माइक स्टँडवरून काढला तरी हसतात. शिकायला पाच मिनिटांचा तुकडा घ्या, शक्यतो त्या कलाकाराच्या सुरुवातीच्या काळातला, छोट्या जागेतला. तिथला हशा विनोदाने कमावलेला असतो.

आधी एकदा मनसोक्त हसून घ्या. मग वही काढा आणि शब्दन्‌शब्द उतरवा: 'म्हणजे', 'ना', अडखळणं, सगळं. सबटायटलवर विसंबू नका, नेमकं हेच त्यात गाळलेलं असतं. पाच मिनिटांचे साधारण सहाशे शब्द होतात आणि दोन तास सहज जातात. तो थांबला तिथे उभी रेघ, हशा आला तिथे 'ह', मोठा असेल तर दोन. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दोन हशांमधले सेकंद लिहा. झपाट्याने विनोद करणाऱ्याचं हे अंतर बहुधा दहा-पंधरा सेकंदांचं निघतं. किस्से रंगवणाऱ्याचं जास्त निघेल, पण मग त्याचा हशाही तेवढा मोठा लागतो.

आता तीन रंगांची पेनं. सेटअप (विनोदाची पूर्वतयारी) निळा, पंच (हसवणारा धक्का) लाल, आणि पंचनंतर त्याच धाग्यावर मारलेले टॅग हिरवे. प्रत्येक विनोदाखाली दोन गोष्टी लिहा: सेटअपने लोकांना काय गृहीत धरायला लावलं आणि ते कुठल्या शब्दाने मोडलं. शब्द सापडत नसेल तर तो विनोद बहुतेक हावभावाचा असतो. तो कागदावरून शिकता येत नाही, त्याचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे 52 पात्रं उभी करायचे. प्रत्येक पात्राला मान, खांदा किंवा आवाज यांतली एकच खूण दिली तरी काम होतं. चार दिल्या की प्रेक्षकाचाही गोंधळ होतो आणि तुमचाही.

मराठीत खरी अडचण पुढे येते. इंग्रजी कॉमेडियन धक्क्याचा शब्द वाक्याच्या टोकाला ठेवतो. आपल्याकडे टोकाला क्रियापद बसलेलं असतं, त्यामुळे तोच साचा उचलला की पंच मध्येच फुटतो आणि वर 'होतं', 'म्हणाली' असं शेपूट लोंबत राहतं. उदाहरणार्थ:

'मावशीने लग्नात दिलेलं घड्याळ आम्हीच तिला गृहप्रवेशाला दिलेलं होतं.'

गंमत 'आम्हीच'मध्ये आहे, आणि त्यानंतर अजून चार शब्द उरतात. लोक हसू दाबून वाक्य संपायची वाट पाहतात, तोवर ते विरतं. आता हे:

'लग्नात मावशीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. झकास पॅकिंग. आत चिठ्ठी: गृहप्रवेशाच्या शुभेच्छा. अक्षर आईचं.'

'आहे' गाळायची सोय मराठीत आहे, ती वापरा. टॅग लावायचा तर 'आई म्हणाली, सेल तरी नवा घालायचा' असं म्हणा. '…असं आई म्हणाली' म्हटलंत की गेला. अमेरिकन कॉमेडियन जेरी साइनफेल्डने पॉप-टार्ट या तिकडच्या नाश्त्याच्या पदार्थावरचा एक विनोद दोन वर्षं घासला होता, त्याचं आश्चर्य वाटायला नको. हे काम अक्षरांचंच आहे.

सांगाडा कळला की वही मिटा आणि आठवडाभराने त्याच सांगाड्यावर तुमच्या घरातला, ऑफिसातला, सोसायटीतला विषय बसवा. मूळ कलाकाराचा विषय आणि पंच दोन्ही वर्ज्य. भाषांतर केलं म्हणून तो तुमचा होत नाही, आणि ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही स्टेज मिळतं त्या कार्यक्रमाला, बसलेली निम्मी माणसं स्वतः कॉमेडियन असतात. त्यांनी तो व्हिडिओ पाहिलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या विनोदाचंही तेच.

एकाच्याच मागे लागलात तर त्याचा सूर तुमच्या तोंडात बसतो. हिंदी कॉमेडियन झाकीर खानचा ठहराव, म्हणजे थांबत थांबत बोलणं, उचलला आणि ठहरावाच्या आत सांगण्यासारखं काही नसलं, तर माणूस ओळ विसरला असंच वाटतं. म्हणून तिघे घ्या, एकमेकांशी न जुळणारे. हशा पेलायला पु. ल. देशपांड्यांची रेकॉर्डिंग ऐका. पुढचं वाक्य हशाच्या कुठल्या टप्प्यावर येतं, तेवढंच नोंदवा. हशा पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाकावी लागते. भर हशात बोललात तर लोक ऐकण्यासाठी हसणं थांबवतात.

ओपन माइकला चार-पाच मिनिटं मिळतात. साडेतीन मिनिटांचंच लिहून न्या, हशालाही वेळ लागतो. शेवटच्या मिनिटाला समोरून लाइट दाखवतात. तो दिसला की नवा विनोद सुरू करू नका, ठरवलेल्या शेवटच्या विनोदावर या. तो तुमचा दोन नंबरचा असू द्या, एक नंबरचा पहिल्या तीस सेकंदांत वापरा. अनोळखी माणसाला लोक तेवढाच वेळ देतात.

फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि घरी येऊन स्वतःचीही तशीच तीन रंगांत चिरफाड करा. 'ह' तुम्हाला वाटलं त्यापेक्षा कमी निघतील. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला: एक शब्द, एक थांबा किंवा विनोदांचा क्रम. तीन बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एखादी ओळ तीन वेगळ्या ठिकाणी पडली तर सेटअप तपासा. बहुतेकदा पंच ठीक असतो, पण भिशी किंवा पागडी म्हणजे काय हे समोरच्या वीस वर्षांच्या पोरांना ठाऊकच नसतं.